ताटाची तालीम

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास करवीर तालुक्यातल्या कोणत्याही गावात दूध संस्थेसमोर गेले, की किटल्या आणि कॅन घेऊन उभी असलेली रांग दिसते. दूध मापले जाते, फॅट लागते, चिठ्ठी हातात पडते आणि माणसे घराकडे वळतात. अशाच एका रांगेशेजारी आम्ही एकदा वीस मिनिटांचे छोटे नाटक केले. दावणीला दोन म्हशी असलेले एक घर आणि त्या घरात चहात बटर बुडवून खाणारी पाच वर्षांची मुलगी, एवढेच त्यात होते. मुलीचे काम करणारी पोर "आई, दूध दे की" म्हणाली आणि आईचे काम करणाऱ्या बाईंनी किटली उचलत "आधी डेअरीला घालून येते, उरलं तर देते" असे उत्तर दिले. त्या वाक्यावर रांगेतली कुजबुज थांबली. पुढे उभ्या असलेल्या एक वयस्कर बाई बराच वेळ आपल्या हातातल्या किटलीकडे पाहत राहिल्या.

त्या क्षणी कुणालाही नवी माहिती मिळालेली नव्हती. लहान मुलाला दूध द्यावे हे त्या रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. दुधाच्या बिलावर घरखर्च आणि कर्जाचा हप्ता अवलंबून असतो, हेही प्रत्येकाला ठाऊक होते. या दोन गोष्टी एकाच घरात, एकाच किटलीभोवती आमनेसामने येतात, हे मात्र एरवी कुणी उघड बोलत नाही. ते सगळ्यांनी सगळ्यांसमोर एकदम पाहिले. आहार सुधारण्यासाठी नाटकाचा उपयोग कसा होतो, हे समजून घ्यायचे असेल तर सुरुवात इथून करावी लागते.

आपल्याकडे आहाराविषयीचे प्रबोधन बहुतेक वेळा माहिती देण्यावर थांबते. तक्ता लावला जातो, प्रथिने, लोह आणि जीवनसत्त्वे यांची नावे सांगितली जातात, समोर बसलेल्या बाया माना हलवतात आणि कार्यक्रम संपतो. मी पाहिलेल्या एका शिबिरात रक्तक्षयावरचे तासाभराचे भाषण संपल्याबरोबर सगळ्यांना चहा आणि बिस्किटे दिली गेली. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेल्या चहामुळे अन्नातले लोह शरीराला नीट मिळत नाही, हे त्याच भाषणात दहा मिनिटांपूर्वी सांगितले होते. तरीही बोलणाऱ्यांनी कप घेतला, ऐकणाऱ्यांनीही घेतला. यात कुणाचा खोटेपणा नव्हता. ऐकलेली गोष्ट आणि हाताची सवय या दोन वेगळ्या ठिकाणी राहतात, आणि एकीकडून दुसरीकडे जाण्याची वाट भाषणातून जात नाही.

प्रश्न किती मोठा आहे, हे आकड्यांवरून कळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आणि पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी असल्याचे दिसले. त्याच पाहणीत राज्यातल्या जवळपास एक चतुर्थांश प्रौढांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींच्या वर गेली आहे. कमतरता आणि अतिरेक हे दोन्ही त्रास एकाच गावात, पुष्कळदा एकाच घरात सापडतात. सुनेचे हिमोग्लोबिन नऊ आणि सासऱ्यांची साखर अडीचशे, असे घर शोधायला आपल्याकडे लांब जावे लागत नाही. अशा घरासाठी "हे खा, ते खाऊ नका" अशी एकच यादी पुरत नाही, कारण तिथे प्रत्येकाच्या ताटाचा प्रश्न वेगळा असतो आणि सगळ्यांची ताटे एकाच चुलीवरून वाढली जातात.

या लेखातला मुख्य मुद्दा असा की आपण काय खातो हे क्वचितच एकट्याने ठरवतो. भाजी कोण आणतो, किती आणतो, आधी कुणाला वाढले जाते, पाहुणा आल्यावर "नको" म्हणता येते का, यात्रेच्या जेवणात रस्सा कितीदा घ्यायचा, या सगळ्यांत दोन-चार माणसे गुंतलेली असतात आणि त्यांच्यातले मानपान, प्रेम, धाक आणि सवय मिळून ताट ठरते. म्हणजे जेवण हा मुळात एक प्रसंग आहे. त्यात पात्रे आहेत, ठरलेले संवाद आहेत आणि कुणी कधी गप्प बसायचे हेही ठरलेले आहे. प्रसंग बदलायचा असेल तर तो आधी डोळ्यांसमोर मांडावा लागतो, थांबवावा लागतो आणि वेगळ्या तऱ्हेने पुन्हा करून पाहावा लागतो. हे काम नाटकाइतके दुसऱ्या कोणत्याही माध्यमाला जमत नाही.

कोल्हापुरात हे समजावणे सोपे जाते, कारण आपल्याकडे तालीम या शब्दाला दोन अर्थ आहेत. पेठेतला आखाडा म्हणजे तालीम, आणि नाटक बसवताना तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहणे म्हणजेही तालीम. दोन्हींत तत्त्व एकच आहे. डाव केवळ सांगून येत नाही, तो अंगाला लावून घ्यावा लागतो. "आज मला साखरेशिवाय चहा द्या" हे वाक्यही पहिल्यांदा भावकीच्या बैठकीत म्हणायचे झाले तर घशात अडकते. आधी कुठेतरी, सुरक्षित ठिकाणी, चार ओळखीच्या माणसांसमोर ते म्हणून पाहिलेले असले, तर खऱ्या प्रसंगी ते तोंडातून बाहेर पडण्याची शक्यता वाढते.

यामागे मानसशास्त्राचा आधार आहे. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात, मोठ्या माणसाला बाहुलीला बडवताना पाहिलेली लहान मुले नंतर तशीच वागली. बक्षीस किंवा शिक्षा नसतानाही माणूस दुसऱ्याला पाहून वागणे शिकतो, हे त्यातून पुढे आले. बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली पुढची कल्पना आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. एखादी गोष्ट आपल्याला जमेल, हा विश्वास नसेल तर ती चांगली आहे हे पटूनही माणूस ती करत नाही. हा विश्वास सगळ्यात पक्का होतो स्वतः करून पाहिल्याने, आणि त्याखालोखाल आपल्यासारख्याच माणसाला ती जमलेली पाहिल्याने. पडद्यावरच्या नामवंताने नाचणीची भाकरी खाल्ली तर पाहणाऱ्याला कौतुक वाटते. पण शेजारच्या गल्लीतल्या वहिनींनी सासूसमोर ती ताटात घेतली, तर "मलाही जमेल" असे वाटते. गावच्या नाटकात गावचीच माणसे का हवीत, याचे कारण यात आहे.

दुसरे कारण थोडे अधिक खोल आहे. पुष्कळ चुकीच्या रीती टिकून राहतात, कारण प्रत्येकाला वाटते की बाकीच्यांना त्या मान्य आहेत. घरातल्या बाईने शेवटी जेवावे, हे कदाचित दहातल्या सहा जणांना मनातून पटत नसेल, पण ते सहा जण एकमेकांना ओळखत नाहीत. घरोघरी जाऊन दिलेली माहितीपत्रके ही कोंडी फोडू शकत नाहीत, कारण पत्रक प्रत्येकजण एकटाच वाचतो. पारावर शंभर माणसांसमोर झालेल्या प्रयोगात मात्र एका वाक्यावर टाळ्या पडल्या, की त्या टाळ्या सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी सुनेने तेच वाक्य घरात उच्चारले, तर ते तिच्या एकटीच्या डोक्यातले खूळ राहत नाही, त्याच्यामागे आख्खा पार उभा असतो.

लोकरंजनातून लोकांना विचार करायला लावण्याची वाट महाराष्ट्राला नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली लिहिलेल्या 'तृतीय रत्न' या नाटकात एक गरोदर स्त्री आणि तिचा नवरा ग्रहांच्या भीतीने फसवले जातात, आणि प्रसंग चालू असतानाच विदूषक मध्ये मध्ये येऊन चालले आहे काय ते उघड करतो. शेवटी ते जोडपे शिकायला जायचे ठरवते. गरोदर स्त्री, घरावरचा दबाव, प्रसंग तोडून बोलणारा विदूषक आणि शेवटी घेतलेला निर्णय, हा सांगाडा आजही आहाराच्या नाटकाला जसाच्या तसा उपयोगी पडतो. पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाचे रूप घेऊन गावोगावी समाजसुधारणा पोचवली. गण, गवळण आणि वगाच्या वाटेने जाणाऱ्या त्या रचनेत सोंगाड्या प्रेक्षकांशी थेट बोलतो, त्यांना प्रश्न विचारतो आणि त्यांच्या उत्तरावर पुढचे वाक्य बेततो. कोल्हापूर भागातले सोंगी भजन, गणेशोत्सवात पेठेतली मंडळे उभे करतात ते सजीव देखावे, गौरीच्या दिवसांत बायांनी झिम्मा-फुगडीच्या खेळात घेतलेली सासू-सुनेची सोंगे, ही सगळी लोकांनी लोकांसाठी केलेली नाटकेच आहेत. आहाराचा विषय यांपैकी कशातही बसू शकतो, आणि गौरीच्या खेळात तर सासू-सुनेच्या भांडणात तो पिढ्यानपिढ्या बसलेलाच आहे.

कोल्हापूरकरांना रंगभूमीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाशेजारी उभे केलेले आणि १९१५ मध्ये बांधून झालेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले, तेव्हा रस्त्यावर उभी राहून रडणारी माणसे साऱ्या शहराने पाहिली. या लेखात ज्या नाटकाविषयी लिहितो आहे त्याला मात्र इमारत लागत नाही. पार, शाळेचे मैदान, अंगणवाडीची पडवी किंवा दूध संस्थेसमोरची मोकळी जागा त्याला पुरते.

जुन्या परंपरेत एक नवी भर घालावी लागते, आणि ती ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल (१९३१ ते २००९) यांच्याकडून आली आहे. लष्करी राजवटीने अटक केल्यावर त्यांना देश सोडावा लागला. १९७३ च्या सुमारास ते पेरूमधल्या साक्षरता मोहिमेत काम करत होते. प्रेक्षकांनी उपाय सुचवायचा आणि नटांनी तो करून दाखवायचा, अशी त्यांची तेव्हाची पद्धत होती. एका प्रयोगात प्रेक्षकांतल्या एका बाईने सुचवलेला उपाय नटांना नेमका कळेना, ती पुन्हा पुन्हा चिडत राहिली, आणि अखेर तिलाच रंगमंचावर बोलावून स्वतः करून दाखवायला सांगण्यात आले. तिथून प्रेक्षकाने उठून पात्राची जागा घेण्याची रीत रूढ झाली. बंगालमध्ये १९८५ मध्ये सुरू झालेली जन संस्कृती ही संस्थाही पुढे खेड्यापाड्यांत याच पद्धतीने काम करू लागली. पद्धत थोडक्यात अशी : एक छोटा प्रसंग एकदा वाईट शेवटापर्यंत करून दाखवायचा, मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा, आणि प्रेक्षकांतून कुणी "थांबा" म्हटले की खेळ थांबवून त्या माणसाला पात्राच्या जागी उभे करायचे. मधला दुवा साधणाऱ्या माणसाला बोआल जोकर म्हणत. आपल्याकडे त्या जागेसाठी सूत्रधार आणि सोंगाड्या आधीपासून तयार आहेत.

ऐकायला हे सोपे वाटते, म्हणून एक प्रयोग जवळून पाहू. प्रसंग रात्रीच्या जेवणाचा. मंगल सहा महिन्यांची गरोदर आहे. सासरे, नवरा आणि दीर यांना वाढून झाले आहे, आमटीतली डाळ त्यांच्या वाटीत गेली आहे आणि भांड्यात वरचे पाणी उरले आहे. मेथीची भाजी संपली आहे. मंगल भाकरी आणि पातळ आमटी घेऊन चुलीपाशी बसते, तेवढ्यात चहाची फर्माईश येते. ती उठते, चहा करते, स्वतःही अर्धा कप घेते आणि सरकारी दवाखान्यातून मिळालेली लोहाची गोळी त्याच चहाबरोबर गिळते. शेवटी पहाटे गोठ्यात शेण काढताना तिला घेरी येते. खेळ इथे थांबतो. सूत्रधार लोकांना एवढेच विचारतो, "ही पडली, ती कधी पडली? गोठ्यात, की रात्री जेवताना?"

प्रसंग पुन्हा सुरू झाला. पहिली उठली ती कॉलेजात जाणारी मुलगी. मंगलच्या जागी उभी राहून ती ठणकावून म्हणाली, "मला आधी वाढा, माझ्या पोटात बाळ आहे." सासूचे काम करणाऱ्या अंगणवाडी सेविकेला आम्ही आधीच सांगितले होते की सहजासहजी नमते घ्यायचे नाही. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "आमीबी चार पोरं काढली, कुणी आधी वाढलं न्हाई." मुलगी गप्प झाली. प्रेक्षकांत माना हलल्या, कारण घरी नेमके असेच होते. मग पन्नाशीच्या एक बाई आल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. स्वयंपाक करतानाच त्यांनी घट्ट डाळ आणि भाजी एका वाटीत काढली आणि ती झाकून फळीवर ठेवली. टाळ्या पडल्या. सूत्रधाराने विचारले, "ही वाटी रोज लपवावी लागंल काय?" त्यावर बायांमध्येच वाद सुरू झाला, आणि आजवरच्या सगळ्या प्रयोगांत मला तो वाद सर्वांत मोलाचा वाटतो. काहीजणी म्हणाल्या, पोट भरले म्हणजे झाले. काहींचे म्हणणे, चोरून खाल्लेला घास अंगी लागत नाही. तिसऱ्यांदा एक तरुण नवऱ्याच्या जागी बसला आणि म्हणाला, "आई, आज समद्यांची ताटं एकदमच वाढ. भाजी मी वाढतो."

शेवटी साडीचा पदर खोचत एक म्हाताऱ्या आजी उठल्या आणि त्यांनी सासूची जागा मागितली. बोआल यांच्या रीतीत अन्याय करणाऱ्या पात्राची जागा सहसा प्रेक्षकाला देत नाहीत, कारण तो माणूस अचानक चांगला झाला की अडचणच उरत नाही आणि सरावही होत नाही. तो नियम योग्य आहे. पण घरातल्या प्रसंगात सासूही एकेकाळची सूनच असते, तिच्यावरही रीतीचे ओझे असते, म्हणून दोन-तीन प्रयत्न झाल्यानंतर आम्ही ती जागा मोकळी करतो. आजींनी मंगलसमोर ताट ठेवले, डाळ खालून ढवळून वाढली आणि म्हणाल्या, "आमच्या येळंला आमास्नी कुणी वाढलं न्हाई. म्हणूनशान तुला वाढते." त्यानंतर सूत्रधाराला काही बोलावे लागले नाही.

अशा वेळी भावनेच्या भरात शास्त्र सुटू नये, म्हणून प्रयोगानंतरची दहा मिनिटे आशाताई किंवा परिचारिकेसाठी राखून ठेवावीत. त्यांनी सांगायचे ते नाटकातल्या चुकांशी जोडलेलेच असावे. पालेभाज्या, कडधान्ये, नाचणी, तीळ यांतले लोह मांसाहारातल्या लोहापेक्षा शरीराला कमी प्रमाणात लागू पडते. लिंबू, आवळा किंवा पेरू यांतल्या क जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषले जाते, आणि चहातल्या टॅनिनसारख्या घटकांमुळे ते अडते. म्हणून जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर ठेवावे, आणि लोहाची गोळी चहा किंवा दुधाबरोबर न घेता पाण्याबरोबर घ्यावी. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले तर तो रक्तक्षय समजतात, आणि सरकारी कार्यक्रमानुसार त्या काळात लोह आणि फॉलिक ॲसिडच्या १८० गोळ्या दिल्या जातात. गुळाविषयी मात्र आपल्या भागात नेहमी गैरसमज असतो. कोल्हापुरी गूळ हा आपला अभिमान आहे आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण त्यात लोह थोडे आणि साखर भरपूर असते, त्यामुळे रक्त वाढवण्याचा तो मुख्य उपाय होऊ शकत नाही आणि मधुमेह असलेल्यांना तो साखरेसारखाच त्रास देतो. ही गोष्ट गुऱ्हाळाच्या गावात सांगायला धीर लागतो, तरी ती सांगितलीच पाहिजे.

पुरुषांसाठी वेगळे नाटक लागते, आणि त्याची जागा तालमीचा कट्टा हीच. कोल्हापूरच्या खाण्यावर पैलवानाच्या खुराकाची मोठी छाप आहे. धारोष्ण दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण आणि तांबडा-पांढरा रस्सा यांत ताकदीची आणि मानाची कल्पना भरलेली आहे. पहाटे उठून शेकडो जोर-बैठका काढणाऱ्या आणि लाल मातीत दोन तास घाम गाळणाऱ्या देहासाठी तो आहार होता. आखाडा सुटला, दुकानात किंवा ऑफिसात दिवसभर बसणे आले, तरी खुराक तसाच राहिला, आणि चाळिशीत रक्तदाब आणि साखर घरी आली. या विषयावरच्या नाटकात वस्ताद हे पात्र फार उपयोगी पडते. डॉक्टरांचे न ऐकणारा माणूस वस्तादाचे ऐकतो. वस्तादाने "खुराक मेहनतीच्या मापानं घ्यायचा असतो, गड्या" असे म्हटले, की त्यात अपमान नसतो, उलट शिस्तीची आठवण असते.

याच नाटकात एक साधी कृती आम्ही प्रेक्षकांसमोर करतो. दिवसभरात प्यायलेले चहाचे कप लोकांना मोजायला सांगतो, आणि प्रत्येक कपाचे दोन चमचे धरून काचेच्या पेल्यात साखर ओतत जातो. पाच कपांचे दहा चमचे होतात, वर एखादे सरबत किंवा पेढा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीप्रमाणे दोन हजार कॅलरीच्या आहारात अशी वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि जमल्यास २५ ग्रॅमपर्यंतच असावी. २५ ग्रॅम म्हणजे साधारण सहा चमचे. पेल्यात सहाव्या चमच्यापाशी आम्ही लाल दोरा बांधलेला असतो. साखर दोऱ्याच्या वर चढताना पाहणे आणि "साखर कमी करा" असे ऐकणे यांत किती अंतर आहे, ते तिथे बसलेल्यांच्या चेहऱ्यावर दिसते. मिठासाठीही हे करता येते. दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचे, पापड आणि मिसळीवरचे फरसाण हे सगळे धरायचे असते.

नाटक चुकीच्या वाटेला लागण्याची भीतीही असते, आणि काही चुका मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. सर्वांत वाईट चूक म्हणजे लठ्ठ माणसाला विनोदाचा विषय करणे. हशा मिळतो, पण ज्यांच्यासाठी नाटक केले ती माणसे मान खाली घालून बसतात आणि पुढच्या प्रयोगाला येत नाहीत. दुसरी चूक सासूला खलनायिका करण्याची. गावात घराघरांत सासवा आहेत आणि स्वयंपाकघराच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला आहेत, त्यांना दुखावून ताट बदलणार नाही. तिसरी चूक जास्त गंभीर आहे. ज्या घरात आठवड्यातून एकदा भाजी विकत घेणे जड जाते, त्या घरासमोर सफरचंद आणि बदाम खाण्याचे नाटक करणे हा त्यांच्या गरिबीचा अपमान आहे. शाहूवाडी, गगनबावडा, आजरा, चंदगड या पट्ट्यात नाचणी पिकते, आणि शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. बांधावर शेवगा असतो, पावसाळ्यात रानभाज्या येतात, परसात चवळीचा वेल चढतो. नाटकातले ताट त्या गावच्या बाजारात आणि बांधावर मिळणाऱ्या वस्तूंनीच भरलेले असले पाहिजे. आणि जिथे प्रश्न खरोखर मजुरीचा, रेशनचा किंवा अंगणवाडीतल्या पुरवठ्याचा आहे, तिथे तो घरातल्या बाईच्या सवयीवर ढकलू नये. तेव्हा नाटकातली पात्रे ग्रामसभेत उभी राहिलेली दाखवावीत.

वेळेचेही भान ठेवावे लागते. गळीत हंगामात माणसे उसाच्या फडात असतात, संध्याकाळी धारांची वेळ असते आणि बायांना मोकळीक मिळते ती दुपारी तीनच्या सुमारास. सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय पोषण माह असतो आणि गणेशोत्सवही बहुधा त्याच्या आसपास येतो, त्यामुळे सजीव देखाव्यासाठी हा विषय घ्यायला मंडळांना सोपे जाते. एकच प्रयोग करून निघून जाण्यात मात्र फारसा अर्थ नाही. नाटक पाहिल्यावर माहिती वाढते आणि बदलायची इच्छा होते, हे लवकर दिसते. सहा महिन्यांनी ताट बदललेले असेलच असे नाही, कारण सवय परत परत जुन्या जागी जाते. त्यामुळे एका गावात निदान तीन प्रयोग, महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने करावेत, असे माझे मत आहे.

बदल झाला की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत उपलब्ध आहे. स्त्रियांच्या आहारातली विविधता मोजण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने अन्नाचे दहा गट ठरवले आहेत : धान्ये व कंद, डाळी व कडधान्ये, दाणे व बिया, दूध व त्याचे पदार्थ, मांस व मासे, अंडी, हिरव्या पालेभाज्या, भोपळा-गाजर-पपईसारखी अ जीवनसत्त्वाची फळे व भाज्या, इतर भाज्या आणि इतर फळे. काल दिवसभरात यांपैकी निदान पाच गटांतले काही खाल्ले असेल, तर आहारात किमान विविधता आहे असे धरतात. बचत गटाच्या बैठकीत हे विचारायला प्रत्येकीमागे पाच मिनिटे लागतात. पहिल्या प्रयोगाआधी आणि तिसऱ्या प्रयोगानंतर हीच मोजणी केली की किती बायका तीन गटांवरून पाचवर गेल्या ते वहीत दिसते. "खाण्यात सुधारणा झाली का" असा प्रश्न विचारू नये, कारण त्याला सगळे "हो" म्हणतात. "काल काय काय खाल्लं" एवढेच विचारावे.

दूध संस्थेसमोरच्या त्या गावात आम्ही सव्वा महिन्याने पुन्हा गेलो. किटलीकडे पाहत राहिलेल्या बाई या वेळी पुढे येऊन बसल्या होत्या. खेळ सुरू होण्याआधीच त्या म्हणाल्या की मागच्या नाटकातला शेवट त्यांना पटलेला नव्हता, कारण त्यात आईने मुलीला दूध द्यायचे ठरवले आणि नाटक संपले, पण महिन्याच्या बिलात तेवढे पैसे कमी आले तेव्हा नवरा काय बोलला हे आम्ही दाखवलेच नव्हते. त्यांच्या घरी ते बोलणे झाले होते. नातीसाठी रोज एक पेला दूध काढून ठेवायचे आणि त्याबदली दिवसाचा एक चहा बंद करायचा, असा हिशेब त्यांनी स्वतः घातला होता, आणि मुलाने तो दहा दिवसांनी मान्य केला होता. आम्ही त्या दिवशी आमचे ठरलेले नाटक बाजूला ठेवले, त्यांना आईच्या जागी बसवले, बिलाची चिठ्ठी नवऱ्याच्या हातात दिली आणि तिथून खेळ सुरू केला.